घर निजवण्याची रीत : झोपेच्या वेळेचे एक प्रकरण

पावणेपाच वर्षांची मुलगी रात्री दोन-दोन तास झोपत नाही, अंथरुणातून पुन्हा पुन्हा उठून येते आणि तिच्या येरझाऱ्यांमुळे सव्वादोन वर्षांचा धाकटा भाऊही जागा राहतो, अशी तक्रार घेऊन तिचे आईवडील समुपदेशनासाठी आले. तक्रार नेहमीचीच होती. तरीही हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण झोपेसाठी लागणारी बरीचशी शिस्त या घरात अगोदरपासूनच होती. जेवण, अंघोळ, दात घासणे आणि गोष्ट हा क्रम रोज ठरलेला होता, आणि तो पाळूनही मुलीला झोप येत नव्हती. घरातून जे नाहीसे झाले होते, ते कोणाच्याच यादीत नव्हते. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

घरात आई, वडील, दोन मुले आणि वडिलांची आई, म्हणजे मुलांची आजी, असे पाच जण. आईवडील दोघेही नोकरी करतात. मुलीच्या जन्मापासून आजी सोबत राहत होत्या आणि संध्याकाळ बहुतांशी त्याच सांभाळत असत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि त्यानंतरच्या विश्रांतीसाठी त्या काही महिने आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. तोवर नातीला निजवण्याचा प्रश्न घरात कधी उद्भवलाच नव्हता. नऊच्या सुमारास ती झोपलेली असे. आजी गेल्यानंतर पहिला आठवडा बरा गेला, आणि त्यानंतर झोपेची वेळ सरकत सरकत साडेदहा-अकरापर्यंत आली. सकाळी बालवाडीसाठी साडेसहाला उठावे लागत असल्यामुळे मुलीला जेमतेम आठ तास झोप मिळत होती, आणि दुपारी ती झोपत नसे. अमेरिकेतील अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. याचा अर्थ या मुलीची झोप रोज किमान दोन तासांनी कमी पडत होती आणि त्याची वसुली सकाळी होत होती. मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून रडणे, केस विंचरू न देणे, भावाला ढकलणे हे सगळे नव्याने सुरू झाले होते.

आईवडिलांनी आपल्या परीने बरेच काही करून पाहिले होते. साडेआठालाच दिवे घालवून सक्तीने झोपवणे, रात्री न उठल्यास सकाळी बक्षिसाची चांदणी चिकटवणे, रागावणे, शेजारी पडून राहणे आणि शेवटी दमून मोबाइलवर एखादी शांत चित्रफीत लावून देणे, असा तो प्रवास होता. कोणताही उपाय चार-पाच रात्रींपलीकडे टिकला नाही. दोघांचे निदान एकच होते : आजीने लाडावून ठेवली आहे आणि आता ती हट्टी झाली आहे. आईच्या मनात याहून खोल अशी एक भीती होती, ती त्यांनी भेट संपता संपता बोलून दाखवली. मुलगी त्याच त्या गोष्टी ठरावीक पद्धतीने करायला लावते, तेव्हा हा मंत्रचळाचा आजार तर नसेल?

मी त्यांना आठवडाभर साधी नोंद ठेवायला सांगितली. जेवण कधी संपले, टीव्ही-मोबाइलचा पडदा कधी बंद झाला, दिवे कधी मंदावले, मुलगी कितीदा उठली, एवढ्याबरोबर उठल्यावर ती नेमके काय म्हणाली तेही तिच्याच शब्दांत लिहायचे होते. हा शेवटचा रकाना भरायला पालक सहसा नाखूश असतात, कारण मुलांच्या रात्रीच्या मागण्या म्हणजे निव्वळ बहाणे असतात असे त्यांनी धरलेले असते. माझा अनुभव असा आहे की सर्वांत उपयोगी माहिती याच रकान्यात सापडते.

पण आधी बाकीच्या रकान्यांविषयी. आजी गेल्यापासून संध्याकाळच्या कामांच्या गर्दीत मुले बैठकीच्या खोलीतल्या लख्ख दिव्याखाली पाऊण-एक तास टीव्ही किंवा मोबाइल पाहत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा बैठा वेळ दिवसभरात तासाहून अधिक असू नये, आणि जितका कमी तितका बरा. मात्र येथे एकूण वेळेपेक्षा घड्याळातली वेळ महत्त्वाची होती. कोलोरॅडो विद्यापीठात ३ ते ५ वर्षांच्या दहा मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निजण्यापूर्वी तासभर प्रखर प्रकाशात खेळलेल्या मुलांच्या शरीरातील मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची शरीराला वर्दी देणारे संप्रेरक, सरासरी ८८ टक्क्यांनी दबले गेले आणि प्रकाश बंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही ते बहुतेक मुलांत पूर्वपदावर आले नाही. अभ्यास छोटा आहे, पण लहान मुलांचे डोळे रात्रीच्या उजेडाला किती हळवे असतात हे त्यावरून कळते.

दुसरी नोंद धाकट्याची. तो दुपारी उशिरा झोपून पाच वाजता उठत होता, त्यामुळे नऊ वाजता त्याला झोप येण्याचे काही कारणच नव्हते. तिसरी नोंद वडिलांची. ते आठच्या सुमारास घरी पोहोचत आणि मुलांबरोबरची त्यांची मस्ती जेवणानंतर, म्हणजे ऐन झोपेच्या तोंडावर, सुरू होई. चौथी गोष्ट सक्तीच्या साडेआठची. मुलगी त्या काळात प्रत्यक्षात साडेदहानंतर झोपत होती, म्हणजेच तिचे शरीर दोन तास उशिराच्या वेळेला बांधले गेले होते. शरीर झोपेला तयार नसताना मुलाला अंथरुणात ठेवले, तर ते अंथरुणाला जागे राहण्याची आणि भांडण्याची जागा म्हणून ओळखू लागते. त्याच विद्यापीठातील २०१३ च्या एका अभ्यासात अडीच-तीन वर्षांच्या ज्या मुलांना मेलाटोनिन वाढण्याच्या वेळेच्या फार जवळ किंवा त्याआधीच झोपवले जात होते, त्यांना झोप लागायला अधिक वेळ लागत असल्याचे आढळले होते.

या चारही गोष्टी सुधारण्याजोग्या होत्या आणि पुढे त्या सुधारल्याही. प्रकरण एवढेच असते तर ते लिहून काढण्याचे प्रयोजन नव्हते.

शेवटच्या रकान्यात मात्र अशी वाक्ये होती : ‘खिडकी निजली का?’ ‘नळ जागा आहे.’ ‘चपलांना कोणी सांगितलंच नाही.’ ‘मला कोणी विचारलंच नाही.’ आईवडिलांनी यांपुढे ‘निरर्थक’ असा शेरा मारला होता. पाणी हवे, शू लागली, आणखी एक गोष्ट सांग या मागण्याही होत्या, पण त्या बहुतेक या वाक्यांना उत्तर न मिळाल्यानंतरच्या होत्या. आजी असताना झोपण्यापूर्वी काय होत असे, असे मी विचारले तेव्हा वडील म्हणाले, “विशेष काही नाही. त्या दोघींचं ते घर निजवणं चालायचं, वीस मिनिटं जायची त्यात.” आईने पुस्ती जोडली की आजी गेल्यावर वेळच पुरेना, म्हणून तेवढे बंद केले, अंघोळ, दात आणि गोष्ट यांत मात्र कधीच खंड पडू दिला नाही.

आजींशी फोनवर बोलल्यावर ही रीत तपशिलाने कळली. सुरुवात दाराशी होई. दिवसभर इकडेतिकडे पडलेल्या चपला मुलगी जोडीजोडीने, पुढची टोके भिंतीकडे करून लावी आणि आजी म्हणत, “फिरून फिरून दमलात, निजा आता.” मग स्वयंपाकघरातला नळ. तो मुलीने दोन्ही हातांनी आवळायचा, कान लावून थेंब पडत नाही ना हे ऐकायचे आणि मान हलवायची. त्यानंतर खिडक्यांचे पडदे, खेळण्यांची टोपली, भिंतीवरचे घड्याळ, पुस्तकांचे कपाट. खिडकीची खिटी उंच असल्यामुळे आजी तिला कडेवर घेत. खिटी बसल्याचा ‘खट’ आवाज आला नाही तर ती पुन्हा काढून लावावी लागे. सर्वांत शेवटी दिव्याचे बटण, त्यावर आजीचे बोट आणि आजीच्या बोटावर नातीचे. अंधार झाला की आजी विचारत, “आता घरात कोण जागं?” ती म्हणे, “मी जागी.” मग आजी म्हणत, “मग तूही नीज.” एवढे झाले की मुलगी कूस बदलून झोपे.

ही रीत सुरू झाली होती ती मुलगी अडीच वर्षांची असताना. रात्री थेंब थेंब गळणाऱ्या नळाच्या आवाजाला ती घाबरली होती. आवाज कुठून येतो ते दाखवायला आजींनी तिला उठवून स्वयंपाकघरात नेले, तिच्याच हाताने नळ बंद करवला आणि दुसऱ्या रात्री मुलीने स्वतःहून नळाकडे जायचे म्हटले. भीती काही आठवड्यांत गेली, नळही दुरुस्त झाला. फेरी राहिली आणि वाढत गेली. आजींनी ती ठरवून रचलेली नव्हती, म्हणूनच जाताना सुनेला किंवा मुलाला ती सोपवून जाण्याचेही त्यांना सुचले नाही.

कुटुंबातल्या रीतींचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी १९८४ मध्ये त्यांचे तीन प्रकार सांगितले होते : समाजाबरोबर साजरे होणारे सण-सोहळे, एखाद्या कुटुंबाच्या स्वतःच्या परंपरा आणि रोजच्या जगण्यात मुरलेले ठरावीक व्यवहार, जसे जेवणाला एकत्र बसणे किंवा मुलांना निजवणे. तिसरा प्रकार सर्वाधिक वेळा घडतो आणि सर्वांत कमी जाणीवपूर्वक केला जातो. या घराचे नुकसान नेमके तिथे झाले. घरातला एखादा वार्षिक सोहळा आजी नाहीत म्हणून रद्द करण्याची वेळ आली असती, तर दोघांनीही दहा वेळा विचार केला असता, मुलांना समजावून सांगितले असते, काही पर्याय शोधला असता. रोजच्या रीतीच्या बाबतीत तिला काही नाव आहे हेच ठाऊक नसल्यामुळे ती गेल्याचेही लक्षात आले नाही.

दिनक्रम आणि रीत यांतला भेद येथे उपयोगी पडतो. बार्बरा फीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पन्नास वर्षांतील ३२ अभ्यासांचा आढावा घेताना तो स्पष्ट केला आहे. दिनक्रम काय करायचे आहे ते सांगतो. काम झाले की त्याचा विषय संपतो. रीत आपण कोण आहोत ते सांगते, आणि ती मोडली तर माणसांना काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. एकच कृती एका घरात दिनक्रम असू शकते आणि दुसऱ्या घरात रीत. वेळ कमी पडला तेव्हा या आईवडिलांनी उपयुक्ततेची कसोटी लावली : दात घासल्याने दात वाचतात, चपलांना निजा म्हटल्याने काही वाचत नाही. त्यामुळे सगळा दिनक्रम शाबूत राहिला आणि त्यातली एकमेव रीत कापली गेली. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म हेच आहे. वेळ वाचवायचाच होता तर अंघोळ सकाळी गेली असती तरी चालले असते. ‘आता घरात कोण जागं?’ हा प्रश्न जायला नको होता. त्या प्रश्नाने मुलीचा दिवस मिटत असे. तो विचारलाच न गेल्यामुळे तिच्या लेखी दिवस उघडाच राहत होता आणि ती तो मिटवून घ्यायला पुन्हा पुन्हा उठत होती.

वडिलांना एक गोष्ट पटत नव्हती. खिडकी बंद आहे हे तिला हाताला धरून दाखवले, तरी ती ऐकत का नाही? याचे उत्तर असे की खिडकी बंद असणे हा मुद्दाच नव्हता. लहान मुले मोठ्यांच्या कृतींचे अनुकरण करताना उपयोगी आणि निरुपयोगी अशी निवड सहसा करत नाहीत. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांच्या २००५ च्या प्रयोगात पारदर्शक पेटीतून बक्षीस काढण्याची रीत चिंपांझींना आणि ३-४ वर्षांच्या मुलांना दाखवली गेली. तीत काही कृती उघड उघड अनावश्यक होत्या. चिंपांझींनी त्या वगळल्या आणि सरळ बक्षीस काढले. मुलांनी त्या निष्ठेने तशाच केल्या. माणसाची पोरे कमी हुशार असतात असा याचा अर्थ नव्हे. ‘आपल्याकडे हे असे करतात’ ही गोष्ट ती फार लवकर आणि फार गंभीरपणे शिकतात, आणि घरातल्या रीती पुढच्या पिढीकडे जातात त्या याच बळावर.

आईच्या भीतीचे उत्तरही नीट द्यायला हवे होते. डेव्हिड एव्हान्स, जेम्स लेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुमारे दीड हजार पालकांकडून माहिती घेऊन दाखवले की वस्तू ठरावीक जागीच हव्यात, क्रम तोच हवा, ‘अगदी बरोबर’ झाले पाहिजे असा आग्रह २ ते ४ वर्षांच्या वयात सर्वाधिक असतो आणि पुढे तो ओसरू लागतो. आग्रह असणे हे या वयात आजाराचे लक्षण नाही. पाहायचे असते ते वेगळेच. कृती पूर्ण झाल्यावर मूल शांत होते की अधिकच अस्वस्थ होते? कृतींना लागणारा वेळ आठवड्यागणिक वाढत जातो का? दिवसाच्या खेळण्यात, खाण्यापिण्यात, शाळेत त्या आडव्या येतात का? तसे असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. ही मुलगी रीत पूर्ण झाल्यावर पाच मिनिटांत झोपत असे, आणि दिवसभर चपला कुठेही पडल्या तरी तिला त्याचे काही नव्हते.

उपाय ठरवताना सर्वांत आधी साडेआठची सक्ती सोडली. काही दिवस तिला तिच्या खऱ्या वेळेच्या जवळपास, म्हणजे सव्वादहाला अंथरुणात न्यायचे आणि पटकन झोप लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे यायचे असे ठरले. आधीच झोप कमी असताना हे उलटे वाटते, आणि आईला ते मान्य करणे जड गेले. संध्याकाळचा पडदा जेवणाआधी बंद, जेवणानंतर मोठा दिवा नाही. धाकट्याला दुपारी लवकर निजवून साडेतीनला उठवायचे. वडिलांची दंगामस्ती दारात पाऊल टाकल्या टाकल्या, जेवणाच्या आधी. ही मस्ती बंद करावी का, असे वडिलांनी विचारले होते. मी स्पष्ट नाही म्हटले. दिवसभर दूर असलेल्या बापाच्या अंगावर चढणे ही या मुलांची दुसरी रीत होती, तिची फक्त जागा चुकली होती.

मग घर निजवण्याची रीत परत आणली, पण जशीच्या तशी नाही. आठ-दहा ठिकाणांची फेरी रोज करणे दोन नोकरदार पालकांना झेपणारे नव्हते, आणि न झेपणारी रीत पुन्हा मोडली असती. कोणती पाच ठिकाणे ठेवायची हे मुलीने ठरवायचे होते. तिने नळ, घड्याळ, खिडकी, भावाचा पलंग आणि दिवा निवडले. चपला तिने स्वतःच सोडल्या. आईवडिलांना त्या सोडणार नाही अशी खात्री होती. भावाचा पलंग आजीच्या फेरीत नव्हताच. शेवटचा प्रश्न अर्थातच राहिला. फेरी वडिलांनी करायची असे ठरले, कारण संध्याकाळची उरलेली सगळी कामे आईकडे होती आणि रात्रीच्या भांडणांत आई-मुलगी एकमेकींना पुरत्या विटल्या होत्या. आजींचे शब्द वापरा, पण आजींचा आवाज काढू नका, एवढे मी वडिलांना सांगितले. मुलीला आजीची नक्कल नको होती.

आईचा आक्षेप वजनदार होता : “तिचे सगळे चोचले पुरवत बसलो, तर उद्या दहाची वीस ठिकाणं होतील.” रीत वाढत जाऊ शकते हे खरेच आहे; तशी ती वाढलीही होती. म्हणून दोन मर्यादा घातल्या. प्रश्नाआधी मुलीने काहीही सुचवावे. प्रश्नानंतर फेरीत काही वाढणार नाही. आणि प्रश्नानंतरच्या मागण्यांसाठी एक चिठ्ठी. पॅट्रिक फ्रिमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही सोपी युक्ती आहे. मुलाला रोज रात्री एक कार्ड द्यायचे, ते देऊन एकदा उठता येते किंवा एक मागणी पुरी करून घेता येते. मग कार्ड मोठ्यांकडे जमा होते आणि त्यानंतर उठल्यास शांतपणे, न बोलता परत अंथरुणात नेऊन झोपवायचे. पुढे ३ ते ६ वर्षांच्या १९ मुलांवर झालेल्या अभ्यासातही ती उपयोगी ठरली. मुलांना चिठ्ठी हाताशी असल्याचा भरवसा पुरतो, आणि बरीच मुले ती जपून ठेवतात.

पहिल्या दोन-तीन रात्री इतक्या सुरळीत गेल्या की वडिलांनी उत्साहाने फोन केला. चौथ्या रात्री त्यांना कामावरून यायला उशीर झाला. आईने फेरी घाईत उरकली, नळ राहिला, मुलगी उठली, चिठ्ठी देऊन नळ आवळून आली, पुन्हा उठली आणि थकलेल्या आईने पुन्हा फेरी केली. पुढच्या रात्री मागण्या दुप्पट झाल्या. मिळत आलेली गोष्ट कधी मिळते कधी नाही असे झाले, की मूल जोर लावून पाहते; हा टप्पा बहुतेक घरांत येतो आणि इथेच पालक उपाय सोडून देतात. या घराने तो सोडला नाही, उलट त्यातून एक चांगली तोड काढली. उशीर झाला, पाहुणे आले, कोणी आजारी असले की ‘घाईची फेरी’, म्हणजे फक्त दिवा आणि प्रश्न. ही घाईची फेरी आहे हे आधी जाहीर करायचे. मुलीने ते विनातक्रार मान्य केले. तिला लांबीची पर्वा नव्हती. रीत आज कोणत्या स्वरूपात होणार हे तिला आधी कळायला हवे होते.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती सव्वानऊला अंथरुणात आणि पंचवीस-तीस मिनिटांत झोपलेली असे. सकाळची रडारड बरीच कमी झाली. चिठ्ठी बहुतेक रात्री उशाखालीच राहिली.

दोन महिन्यांनी आजी परतल्या, आणि त्यांच्या येण्याने सगळे आपोआप जुळेल हा घरातल्यांचा अंदाज चुकला. पहिल्याच रात्री त्यांनी दाराशी जाऊन चपला लावायला घेतल्या, तेव्हा नात म्हणाली, “आजी, आता चपला नसतात.” आजी त्या रात्री काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या की मी एवढ्या वर्षांत लावलेले वळण चार महिन्यांत बदलून टाकले. वडीलही अस्वस्थ होते. मुलीबरोबरची ती दहा मिनिटे दिवसभरातली त्यांची सर्वांत आवडती वेळ झाली होती आणि ती परत करायला त्यांचे मन घेत नव्हते, पण स्वतःच्या आईला, म्हणजे आजींना, तसे सांगणार कसे? मला या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग हाच वाटतो. मुलांच्या रीतींवर मोठ्यांचाही जीव जडलेला असतो, आणि रीत कोणाच्या हातून होते यावरून घरातले आपले स्थान प्रत्येक जण जोखत असतो.

भेटीला आजी स्वतः आल्या. नळाची हकीकत त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकली, आणि त्यांनी त्या रात्री केलेल्या साध्या कृतीमुळे पुढे एका मुलीला आजीविना चार महिने कसे काढता आले, हे मी त्यांच्यासमोर सविस्तर मांडले. त्यांची समजूत घालणे हा त्यामागचा हेतू नव्हता. वस्तुस्थितीच तशी होती. त्यांच्या मनासारखी तडजोड त्यांनीच सुचवली. रोजची पाच ठिकाणांची फेरी बाबांची. दुसऱ्या दिवशी शाळा नसेल त्या रात्री आजींची जुनी लांब फेरी, चपला-कपाटासकट. बाबांना उशीर झाला तर घाईची फेरी आजींची. मुलीला दोन फेऱ्यांचा गोंधळ होईल अशी आईला शंका होती, ती खरी ठरली नाही.

धाकटा आता अडीच वर्षांचा झाला आहे, म्हणजे आग्रहाच्या ऐन वयात. खिटी मीच लावणार यावरून दोघांची काही रात्री झटापट झाली. शेवटी ताईने त्याला नळ दिला, खिटी स्वतःकडे ठेवली. तो नळ इतका आवळतो की सकाळी तो सोडवायला मोठ्या माणसाला जोर लावावा लागतो. मुलगी मात्र अलीकडे एखादे ठिकाण विसरते आणि तिला त्याचे काही वाटत नाही. रीत मोडत चालली म्हणून वडील चिंतेत पडले होते. मी त्यांना तिला आठवण करून देऊ नका असे सुचवले आहे. आधार लागतो तोवर मूल रीत धरून ठेवते आणि पुढे ती सैल सोडते. ती धाकट्यासाठी चालू राहीलच.

या सुधारणेचे श्रेय कशाला द्यायचे, यावर आईचे आणि माझे एकमत नाही. पडदा, दिवे, दुपारची झोप आणि वेळ मागे आणणे यांनीच काम झाले, फेरी ही जोडीला, असे त्यांचे म्हणणे आहे. सगळे उपाय एकाच वेळी सुरू केल्यामुळे त्यांना पूर्णपणे खोडून काढणे शक्य नाही. नियमित क्रमाचा फायदाही निर्विवाद आहे. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ७ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या ४०५ मातांबरोबर केलेल्या अभ्यासात, ठरावीक रात्रक्रम सुरू केल्यावर मुलांना झोप लवकर लागू लागली, रात्रीचे जागणे कमी झाले आणि मातांची मनःस्थितीही सुधारली. पण या घरात असा क्रम आधीपासून होताच, आणि ही मुलगी त्या वयाच्या पुढे गेलेली होती. माझे मत दोन नोंदींवर उभे आहे. वडील कामासाठी दोन रात्री बाहेर होते, तेव्हा पडदा, दिवे, वेळ सारे जागच्या जागी असूनही फेरी झाली नाही आणि मुलगी दोन्ही रात्री तीन-चारदा उठली. उलट आत्याकडे मुक्कामाला गेल्यावर दिवे लख्ख होते, पडदा चालू होता, झोपायला दहा वाजून गेले. तिथे तिने स्वतःच नवा नळ, नवी खिडकी आणि नवे घड्याळ शोधून काढले, बाबांना प्रश्न विचारायला लावला आणि एकदाही न उठता झोपली.

पुढच्या भेटीचा विषय धाकट्याची दुपारची झोप हा आहे. त्याची बालवाडी सुरू झाल्यावर साडेतीनला उठवण्याची सोय राहणार नाही, आणि तेव्हा दोघांची रात्रीची वेळ एकच ठेवायची की वेगळी करायची, हे घराने अजून ठरवलेले नाही. वेळा वेगळ्या झाल्याच तर शेवटचा प्रश्न दोनदा विचारावा लागेल, आणि मोठीला तो दुसऱ्यांदा चालेल का, हे आधी तिलाच विचारा असे मी सुचवले आहे.